लॅबतात्यांचा नापास साबण

एका सकाळी माझ्या गेटवर एक चिठ्ठी चिकटवलेली सापडली. वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा, चारी बाजूंनी पट्टीनं आखलेला, अक्षर छापल्यासारखं. "निरीक्षण : सुमनबाई सकाळपासून तीन माणसांवर ओरडल्या. अनुमान : तिसऱ्याची चूक नव्हती."

तिसरा माझा नवरा होता. मी चिठ्ठी फाडली आणि चौथ्या माणसावर ओरडायला शेजारी गेले.

हा चौथा माणूस म्हणजे आमचे लॅबतात्या. उत्रोलीत त्यांचं खरं नाव कुणाला विचारलंत तर लोक आधी विचारात पडतील. भोरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्या भरल्या, सरांच्या टेबलावर सामान मांडलं. सर बदलत गेले, तात्या तिथंच राहिले. निवृत्त होताना शाळेनं त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तात्यांनी शाळेकडून काचेच्या पेटीतला जुना तराजू मागून घेतला. घड्याळ बंद पडलं. तराजू चालू आहे.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आहे. एका बरणीवर "मीठ", शेजारच्या बरणीवर "मीठ नव्हे". विजेच्या एका बटणावर "हे कशाचे आहे ते समजलेले नाही". परसात खुराड्यावर "कोंबडी क्र. २. अंडी अनियमित. स्वभाव तापट". मला बघून त्यांनी कोंबडीवर लिहिलं की कोंबडीला बघून माझ्यावर, याचा मला अजून संशय आहे.

दारात कुणी आलं की "जय भीम, बसा" म्हणतात, पाणी देतात आणि लगेच विचारतात, "निरीक्षण काय?" म्हणजे काय चाललंय, असं. आपण "सगळं बरं आहे" म्हणालो की मान हलवतात. "ते अनुमान झालं. निरीक्षण सांगा."

आता माझ्याबद्दल दोन शब्द. भोरच्या एसटी स्टँडवर मी करवंदांची पाटी घेऊन बसायची. आज मार्गासनीकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं स्वतःचं दुकान आहे. तांदूळ, मध, नाचणीचे पापड, गडावर जाणाऱ्यांसाठी टोप्या आणि काठ्या. कुणाच्या मेहेरबानीनं काही मिळालेलं नाही. आयुष्यात कुठलीच गोष्ट मी पहिल्या भावात घेतली नाही आणि शेवटच्या भावात विकली नाही. राग मला लवकर येतो आणि सावकाश जातो. तात्यांवरचा तर अजून गेलेला नाही.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर तात्यांनी आधी शाई केली, मग फिनेल, मग मेणबत्त्या. दोन वर्षांपूर्वी साबणाकडं वळले. थंड कालवून ठेवायचा तो नव्हे, चुलीवर शिजवायचा. खोबरेल आणि करंजाचं तेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी, मंद जाळावर दोन-तीन तास घोटायचं, चकाकी आली की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी घट्ट वड्या पडायला पाहिजेत. वास छान, फेस छान, रंग तुपासारखा. एकच खोट. वडी पडायची नाही. साच्यात दोन दिवस ठेवा, आठ दिवस ठेवा, तो आपला शिऱ्यासारखा मऊ.

मला त्यात धंदा दिसला. चार वड्या कशाबशा कापून मी बटरपेपरात गुंडाळल्या आणि काउंटरवर ठेवल्या. पुण्याच्या एक बाई थांबल्या होत्या. दहा किलो तांदूळ काढून ठेवलेला, मध ठरलेला. त्यांनी साबण उचलला, जरा दाबला, आणि त्यांचा अंगठा आत गेला.

"हा मऊ आहे हो."

"घरगुती आहे ताई. नैसर्गिक असला की असाच असतो," मी म्हणाले.

तेवढ्यात काडेपेटी घ्यायला आलेले तात्या मागून बोलले, "न्हाई वो ताई. ह्यो साबण नापास हाय. म्या बाईंना इकू नका म्हनलं व्हतं."

बाईंनी साबण ठेवला. मग मध ठेवला. मग तांदळाच्या पिशवीकडं अशा बघायला लागल्या की जणू तोही नापास असेल. गाडी निघून गेली.

"तात्या, तुमाला काय मिळालं हे बोलून?"

"काय न्हाई. निरीक्षण व्हतं, सांगितलं."

मी तो दिवस विसरलेली नाही. हे लिहिताना पण माझे कान गरम झालेत.

तरी मी साबण सोडला नाही, कारण भाटघरला धरणाच्या कडेला खोल्या बांधून पर्यटन चालवणारा एक माणूस दुकानात आला. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या खोल्या भरणार होत्या आणि प्रत्येक खोलीत त्याला गावचा साबण हवा होता. शंभर वड्या. भाव ठरवायला आम्हाला तीन तास लागले. तो दोनदा गाडीत जाऊन बसला आणि दोनदा परत आला. शेवटी मी शब्द दिला, दिवाळीआधीच्या शुक्रवारी माल पोचेल. हे एक जमलं की दर हंगामाचा माल माझाच, आणि फसलं की भाटघरपासून वेल्ह्यापर्यंत माझ्या शब्दाला कोण विचारणार? हातात महिना होता.

"तात्या, साबण घट्ट झाला पायजे," मी म्हणाले.

"मला पन त्येच वाटतंय," तात्या म्हणाले. आता वाटतं, तेव्हाच मला त्यांच्या आवाजावरून कळायला हवं होतं.

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडं जायला लागले. पहिला संशय तेलावर. भोरच्या घाणेवाल्याशी मी भररस्त्यात भांडले. तो शपथेवर सांगत होता, तेल शुद्ध आहे. मी दुसऱ्या घाण्यावरून तेल आणलं. साबण मऊ.

मग कॉस्टिक. तात्या म्हणाले, आमच्याकडच्या पावसाळी हवेत कॉस्टिकला ओल धरते, त्याची ताकद जाते. नवं, बंद पाकीट आणलं. साबण मऊ.

मग पाणी. कमी केलं. मऊ. तेलात खोबरेल वाढवलं, करंज घटवलं. मऊ. मीठ घातलं, कुणीतरी मोबाईलवर वाचलं होतं. खारट झाला असेल, पण मऊच. श्रीखंडाचे डबे साचे म्हणून वापरायचो, ते टाकून सुताराकडून लाकडी साचे करून घेतले. मऊ. तराजूच खोटा आहे का म्हणून मी दुकानातलं साखरेचं बंद पाकीट त्यावर ठेवून बघितलं. तराजू इतका खरा निघाला की साखर पाच ग्रॅम कमी भरली. मी त्या साखरवाल्यालाही फोन करून शिव्या दिल्या, पण तो विषय वेगळा.

माझी सासू म्हणाली, दृष्ट लागली असंल. मी रागारागानं लिंबू-मिरची नेऊन तात्यांच्या चुलीवर टांगली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली चिठ्ठी होती, "लिंबू १, मिरच्या ७. परिणाम : शून्य."

तात्यांची एक जाड वही होती. साबणाच्या प्रत्येक घाण्याला एक पान. साहित्य, कृती, तापमान, वेळ, हवा कशी होती, चुलीत कुठलं लाकूड होतं. खाली निरीक्षण : मऊ. आणि त्याखाली दर पानावर एकच ओळ, "कारण : अज्ञात." मी ती वही चाळून चाळून दमले. मी फारशी शिकलेली नाही, पण मालात काय खोट आहे ते मला हात लावल्यावर कळतं. इथं हात लावला की हात आत जायचा आणि कळायचं काहीच नाही.

"टाकून द्या हे," मी साच्यांच्या चळतीकडं बोट दाखवून ओरडले. चुलीजवळच्या फळीवर चार मोठे साचे साठले होते.

"निकाल लागल्याबिगर टाकायचं न्हाई," ते म्हणाले.

"कवा लागायचा निकाल? शुक्रवार माज्या डोक्यावर आलाय!"

"बाई, हळू. आक्का पडलीय."

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तात्यांना वाढवलं ते आक्कांनीच. भोरच्या मुलांच्या बोर्डिंगात त्यांनी वीस-बावीस वर्षं स्वयंपाक केला. आता नव्वदीला आल्या होत्या. माणसं ओळखत नव्हत्या. मी सकाळी जायची तेव्हा त्या आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असायच्या, एक पांढरी वेणी आणि गोधडी एवढंच दिसायचं. मी आवाज खाली आणायची. माझा आवाज खाली आणणारं उत्रोलीत तेवढंच एक माणूस होतं.

मंगळवारी माझी सहनशक्ती संपली. सोमवारी रात्रीच मी तात्यांकडून तेच तेल, तेच कॉस्टिक, तेच वजन करून आणलं होतं. दुकान बंद ठेवलं आणि माझ्या चुलीवर, वहीतल्या पानाबरहुकूम, मी स्वतः साबण शिजवला. नवरा लांब उभा राहून म्हणत होता, "डोळे सांभाळ." सासू आणखी लांब उभी होती.

बुधवारी सकाळी साचा उघडला. साबण दगडासारखा. सुरी टेकवली तर टक्क आवाज आला. वडी जमिनीवर आपटली तर वडी शाबूत, फरशीचा टवका गेला.

मी त्या वडीकडं बघत बसले. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, उलट मी अजून गोंधळले. तेल तेच, कॉस्टिक तेच, तराजू तोच, हवा तीच. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण. कुंपणाच्या अलीकडं साबण होतो आणि पलीकडं शिरा, हे कसं? मग एक विचार आला आणि डोकं भणाणलं. तात्या मुद्दाम करतायत. माझा धंदा बुडवायचा आहे त्यांना. त्या पुण्याच्या बाईंपुढं नापास म्हणाले ते उगाच नव्हे. आणि आता शंभर वड्या शिजवून वाळवायला माझ्या हातात दिवस उरले नव्हते. परवा शुक्रवार.

तसं मी दुपारी कधी त्यांच्याकडं जात नाही, दुकानात असते. त्या दिवशी दोन वाजता ती घट्ट वडी मुठीत धरून मी तरातरा निघाले.

तात्या घरात नव्हते. परसात, भिंतीला पाठ लावून, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे होते. शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं, तसे.

"तात्या!"

"श्श." त्यांनी हात वर केला. "आत जाऊ नका बाई. धा मिन्टं."

"कशाची धा मिन्टं? ह्यो बगा साबण! माज्या चुलीवर झाला! तुमी मला..."

"पाया पडतो. धा मिन्टं."

तात्या कुणाच्या पाया पडायची भाषा करणारे नव्हेत. मी खिडकीतून आत बघितलं.

चुलीत नुसते निखारे होते. वर साबणाचं पातेलं. आणि पातेल्यापुढं आक्का बसल्या होत्या. उठून, पदर खोचून, पाटावर ताठ. मी त्यांना बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी डावानं साबण ढवळला, वास घेतला आणि बोटं मोडत मोठ्यानं मोजायला लागल्या.

"पसुऱ्याची पोरं चार. पानशेतकडची दोन. आठवी, नववी..." असं करत करत थांबल्या. "हजेरी अठ्ठावीस. आन् एक वाटंवर."

मग त्यांनी तेलाच्या किटलीत पळी बुडवली. एक पळी तेल पातेल्यात. तांब्यातलं पेलाभर पाणी पातेल्यात. पुन्हा ढवळलं, आणि समाधानानं झाकण ठेवलं.

मी खिडकीतून मागं वळले. तात्या माझ्याकडं न बघता घड्याळाकडंच बघत होते.

"बोर्डिंगात तिची रीतच व्हती," ते हळू बोलायला लागले. "हजेरीला अठ्ठावीस पोरं आसली तर स्वैपाक येकोनतिसांचा. डोंगरातनं पोरं चालत यायची. कोन नदी वलांडून, कोन खिंड उतरून. कवा कोन येळ करून पोचंल त्याचा नेम न्हाई. आलेल्या पोरानं उपाशी झोपायचं न्हाई. येकाचं वाढीव घातल्याबिगर ती झाकण ठेवायचीच न्हाई."

"आन् तुमाला हे ठावं हाय?"

"पैल्या घान्यापास्नं."

"कॉस्टिक हाय त्यात तात्या! म्हातारीला काय झालं आसतं तर?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडं बघितलं, दुखावल्यासारखं. "कॉस्टिक मी पहाटं गोठ्यात कालवतो. पुरा शिजल्यावर शाळंतल्या औषदाचा थेंब टाकून बगतो, गुलाबी झालं म्हंजी कॉस्टिक उरलंय, मग भाईर पडत न्हाई. गुलाबी झालं न्हाई तरच हितं यून हुबा ऱ्हातो. तिला वाटतं खायाच्या वड्या हायत्या. खात न्हाई ती. पावनं जेवल्याबिगर आपुन खायाचं न्हाई, ही पन रीतच."

"मग वहीत कारण अज्ञात का लिवलंत? धा धा येळा?"

"काय लिवू? तिचं नाव लिवू?"

मी मुठीतली वडी पदराखाली घेतली.

"साबनाच्या आदी दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून पडली व्हती," तात्या म्हणाले. "मला वळखत न्हाई. भाकरी केली, भाजी केली, उठली न्हाई. येवढ्या-येवढ्या भांड्याला कशाला उठंल ती? पैल्या साबनाचं मोठं पातेलं चुलीवर चढलं, आन् आतनं आवाज आला. 'हजेरी किती रं?' म्या पळत गेलो. उठून बसली व्हती. तवापास्नं पातेलं चढलं की दोनाला उठती."

"मग माज्या चुलीवर शिजवू की. आडर माजी, चूल माजी." मी सवयीनं सौदा करायला लागले होते.

"शिजवा की. पन मग हितं काय चढवू?"

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. भाटघरवाला.

"सुमनबाई, परवा सकाळी गाडी पाठवतो. माल तयार ना?"

मी खिडकीतून फळीवरचे चार साचे बघितले. पंचवीस-पंचवीस वड्या. सगळ्या मऊ. प्रत्येकीत कुठल्या तरी पोराचा वाटा.

"माल तयार हाय," मी म्हणाले. "पन खरं सांगते. साबण चांगला हाय, अंगाला लावा, केसाला लावा, फेस बगा. मऊ हाय. वडी घट्ट न्हाई. झाकणाच्या डब्या आणून चमच्यानं भरून देते."

मग तो धंद्यावर आला. "मऊ म्हणजे मग भाव तो नाही हं राहणार."

"तुमी म्हनाल त्यो भाव."

"काय?"

"तुमी म्हनाल त्यो."

"हॅलो? हॅलो? कोण बोलतंय? सुमनबाईच ना?"

मी फोन बंद केला. तात्या माझ्याकडं असे बघत होते की वही जवळ असती तर त्यांनी पान काढलं असतं.

मी चपला काढल्या आणि आत गेले. आक्कांनी मान वर केली. डोळे पांढुरके झालेले, पण रोखून बघत होते.

"कोन गं?"

"आक्का, म्या सुमन. भाटघरला पावनं आलंत. वड्या पायजेत."

"किती हायती?"

"शंभर."

आक्कांच्या ओठांची हालचाल चालली होती, मोजत असाव्यात. मग त्यांनी हातातला डाव माझ्या दिशेनं उगारला.

"शंभर मानूस आलं आन् मला आत्ता सांगती व्हय? तोंडाकडं काय बगती माज्या? साचं खाली घे! आन् त्या आमच्या गड्याला हाक मार, पानी भरू दे!"

मला आजवर एवढं कुणी झापलेलं नाही. मी उलट शब्द न बोलता उठले आणि फळीवरचा पहिला साचा खाली घेतला. परसातून तात्या आले, कळशी उचलली, आणि आक्कांकडं पाठ करून बराच वेळ माठाशी उभे राहिले. माठ भरलेलाच होता.

आम्ही चारही साच्यांतून वड्या काढत होतो. मी काढायची, आक्का मोजायच्या. माझ्या बोटांना तेल लागत होतं, आणि मला राग येत नव्हता, याचंच मला नवल वाटत होतं. शंभर भरल्या. मी हात पुसायला फडकं शोधायला लागले.

"थांबली का?" आक्का म्हणाल्या. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, डावानं एक मऊ गोळा काढून पानावर थापला आणि माझ्यापुढं सरकवला.

"ही येक वरची घे. भाटघर लांब हाय. वाटंत कोन भेटंल."